भूकंपाची ट्यूब

आई चमच्याने जेवत होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी नांदेडहून चाकूरजवळच्या आमच्या गावी आले होते. एसटीत दोनदा जागा बदलली होती, अहमदपूरला उगाच खाली उतरून आले होते. मला एका जागी बसवत नाही, तो माझा जुना रोग. घरात शिरले आणि आईच्या हातातला चमचा पाहून माझं डोकं फिरलं. आमच्याकडे चमचा दोघांनाच मिळतो, पाहुण्याला नाहीतर आजाऱ्याला.

"हे काय नवीन थेर?" मी पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारलं.

"काई न्हाई. भात गरम हाय."

भात गार होता. मी ताटाला हात लावून बघितला. टोपल्यात भाकरी होत्या, पण त्या आईच्या नव्हत्या. आईची भाकरी एका कडेला जरा पातळ असते, मी ती हजारांत ओळखीन. या शेजारच्या चुलतीने थापून दिल्या होत्या. मी आईचा हात धरायला गेले तर तिने तो पदराखाली घेतला. मग मीही हट्टाला पेटले आणि ओढून बाहेर काढला.

तळहाताची कातडी जाड, पिवळट झाली होती आणि प्रत्येक पेराच्या घडीत भेग होती. काही भेगांतून लाल दिसत होतं. मीठ लागलं की काय होत असेल, ते मला विचारावं लागलं नाही. चमच्याचं कारण समोरच होतं.

"ट्यूब लावत नाहीस?"

"कोणची?"

"कोणची म्हणजे? भूकंपाची!"

"ती सोडली मी," आई म्हणाली आणि ताट उचलून मोरीकडे गेली.

आमच्या भागात 'सोडली' म्हणजे नुसतं वापरणं थांबवलं असं नव्हे. लोक तीर्थाला जातात आणि देवापुढे एखादा पदार्थ सोडून येतात. कुणी वांगं सोडतं, कुणी गवार. मग मरेपर्यंत तो जिन्नस तोंडात घालायचा नाही. ट्यूब सोडलेली बाई मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते. कधी सोडली, असं मी तिच्या पाठीला विचारलं.

"तुझं तोंड पोळलं होतं तवा."

मी पिशवी उचलून खुंटीला अडकवली. आईने वळून पाहिलं नाही.

भूकंप झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. आमच्या गावात कुणी दगावलं नाही, त्यामुळे भूकंपाबद्दल बोलायचा आमचा हक्क तसा कमीच. पण घराच्या मागच्या भिंतीला अशी चीर गेली होती की तिच्यातून चुलतीचं अंगण दिसायचं. आम्ही कित्येक आठवडे बाहेर पालाखाली झोपलो. गवंडी मिळत नव्हते, सगळे पडलेल्या गावांकडे गेलेले. मग वडिलांनी आणि आईने भिंत स्वतःच उभी केली. सिमेंट कालवायचं काम आईकडे होतं आणि ती ते पिठासारखं हातांनी कालवायची. फावडं होतं, पण हातानं नीट मिसळतं असं तिचं म्हणणं. दोन महिन्यांत तिचे हात फुटले. खाज इतकी की ती तळवे चुलीच्या कडेवर घासायची.

त्या सुमारास पडलेल्या गावांतून परतणारी डॉक्टरांची एक गाडी आमच्या शाळेत थांबली. एका डॉक्टरने आईचे हात पाहिले, पेटीतून एक ट्यूब काढली आणि स्वतःच्या बोटाच्या टोकावर एवढीशी रेघ काढून दाखवली. पंधरा दिवस, फक्त हाताला, मग बंद. आईला वाचता येत नाही. पण एकदा ऐकलेलं ती विसरत नाही. पंधरा दिवसांत तिचे हात असे झाले की ती येईल जाईल त्याला उलटेसुलटे करून दाखवायची.

त्या साली घरात जे जे आलं त्याला आम्ही भूकंपाचंच म्हणत होतो. भूकंपाचं ब्लँकेट, भूकंपाची बादली, तशी ही भूकंपाची ट्यूब. संपली तेव्हा आईने ती टाकली नाही. हात पुन्हा फुटले की वडील ती चपटी, रिकामी ट्यूब खिशात घालून लातूरला जायचे आणि मेडिकलवाल्यापुढे धरायचे, 'असली द्या.' चिठ्ठी नाही, डॉक्टर नाही. आमच्याकडे आजही निम्मी औषधं रिकाम्या वेष्टनावर येतात. मेडिकलवाला नावाशी नाव जुळवतो आणि देतो. कुठे लावणार, असं तो विचारत नाही. वडिलांनाही त्यात वावगं वाटलं नाही.

पण हेही सांगितलं पाहिजे की आईने ती ट्यूब कधी भलतीकडे लावली नाही. शेजारणी मागायच्या. कुणाला नायट्याला हवी असायची, कुणाला पोराच्या घामोळ्याला. आईचं उत्तर ठरलेलं होतं: "ती हाताची हाय, दुसरीकडं चालत न्हाई." बाया तिला चिकट म्हणायच्या. ती पंधरा दिवस मोजून लावायची आणि पुन्हा कोनाड्यात ठेवायची. घरातली अंगठेबहाद्दर बाई नियमाने वागत होती. नियम मोडला तो घरातल्या हुशार मुलीने.

दहावीला मला चांगले मार्क पडले आणि मला लातूरला टाकलं. 'टाकलं' हाच शब्द वापरायचे, पोतं टाकल्यासारखा. तेव्हा सगळा मराठवाडा पोरं लातूरला टाकत होता. एका खोलीत चार खाटा, मेसचा डबा, पहाटेपासून क्लास, आणि दर सोमवारी भिंतीवर टेस्टचा निकाल. निकालाप्रमाणे बाकं बदलायची. मी कधी तिसऱ्या बाकावर, कधी सातव्या. त्यात तिथलं जड पाणी आणि अपुरी झोप. माझ्या नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि भुवयांत लाल चट्टे उठले. कोंडा पडायचा, खाज यायची. मी फिजिक्सच्या तासाला भुवया खाजवत बसायचे.

संक्रांतीला घरी आले तेव्हा कोनाड्यातली ट्यूब मी उचलली. विचारलं नाही. विचारलं असतं तर तिचं उत्तर मला पाठ होतं, म्हणूनच विचारलं नाही.

दोन दिवसांत चट्टे गेले. नुसते गेले नाहीत, चेहरा तुकतुकीत झाला. माझ्या खोलीत हिमायतनगरची एक मुलगी होती, ती आरसा सोडून माझ्याकडे बघत म्हणाली, "काय लावून राहिलीस गं? गोरी दिसायलीस." मी म्हटलं, काही नाही, मेसच्या तेलाचा गुण. ट्यूब मी कंपासपेटीत लपवली. चट्टे गेल्यावर थांबायचं होतं, पण मी थांबले नाही. सीईटीच्या फॉर्मसाठी फोटो काढायचा होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझा चेहरा आवडत होता.

फोटो झाल्यावर बंद केली. तिसऱ्या दिवशी गाल असे पेटले की ओला रुमाल ठेवून मी क्लासला बसले. म्हणून पुन्हा लावली. तासाभरात शांत. मग हेच चालू झालं. बंद केली की आग, लावली की थंड. रिकामी ट्यूब घेऊन मी स्वतःच मेडिकलवर जायला लागले. 'असली द्या.' पुढचा उन्हाळा आला तेव्हा गालांवर बारीक लाल शिरा दिसत होत्या, हनुवटीवर पुळ्या होत्या आणि कानांपुढे मऊ लव उगवली होती. मी स्कार्फ बांधून फिरायचे, वर्गातही सोडायचे नाही. वर्षभर असं चाललं. सीईटीच्या पेपरला घाम आला तेव्हा तोंडावर कुणी तिखट चोळल्यासारखं झालं होतं. मेडिकल कॉलेजला माझा नंबर लागला नाही. खरं सांगायचं तर तो तसाही लागला नसता, माझं फिजिक्स कच्चं होतं. पण तेव्हा मला दोष ठेवायला काहीतरी हवं होतं.

निकालानंतर आई मला लातूरच्या एका त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते वयस्क आणि चिडके होते. त्यांनी माझ्या गालावर दिवा धरला, ट्यूबचं नाव वाचलं आणि ती टेबलावर आपटली.

"ही तोंडाला? वर्षभर? कुणी दिली तुला ही?"

मी सतरा-अठराची होते. बाहेर बाकावर माणसं होती आणि दार उघडं होतं.

"आईने," मी म्हणाले.

डॉक्टर आईकडे वळले. "बाई, लेकीचं तोंड जाळलंत तुम्ही. अडाणीपणाला काही हद्द?" आणखीही बरंच बोलले. आई मान खाली घालून ऐकत राहिली. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. बाहेर आल्यावरही मी खरं सांगितलं नाही. उलट घरी जाऊन अंगणात चुलतीसमोर म्हणाले, "हिच्या ट्यूबनं माझं वाटोळं केलं." हे वाक्य मी रागात बोलले असं मी पुढे स्वतःला सांगत आले. राग तर होताच, पण मी ते ठरवून बोलले होते. एकदा सांगितलेलं खोटं मला पक्कं करायचं होतं.

चेहरा नीट व्हायला आठ-नऊ महिने लागले. त्या चिडक्या डॉक्टरांनी मला ट्यूबपासून हळूहळू सोडवलं. आधी आग वाढली, मग कमी झाली. डाव्या गालावरच्या दोन शिरा मात्र अजून आहेत. त्याच काळात कधीतरी आई गावच्या देवीपुढे उभी राहिली आणि लेकीचं तोंड नीट व्हावं म्हणून तिने ट्यूब सोडली. मला ते चमचा पाहीपर्यंत माहीत नव्हतं. मधे वडील गेले, माझं लग्न झालं, मी नांदेडला आले. दिवाळीला घरी जायचे, आयत्या भाकरी खायचे आणि परत यायचे. दरवर्षी ती ते हात माझ्यापासून लपवत आली, आणि मी ते लपवू दिले.

मी नांदेडच्या एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. दरवर्षी फळ्यावर कातडीचं चित्र काढते. तळव्याची कातडी सगळ्यांत जाड, पापणीची सगळ्यांत पातळ, हे मी पोरांकडून तीनदा म्हणवून घेते.

त्या दिवाळीनंतर मी आईला जवळजवळ ओढतच नांदेडला आणली. इथल्या त्वचेच्या डॉक्टर वयाने माझ्याएवढ्याच आहेत. त्यांनी आईचे हात आपल्या हातात घेतले, "मावशी, हंडा उचलवत नसेल," म्हणाल्या आणि चिठ्ठी लिहिली. मी नाव वाचलं आणि ताडकन उठले.

"हीच? अहो, हीच तर! हिनेच माझं तोंड..."

"तोंडाला लावली होती?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"हो."

"ही तळव्यांची आहे. इतक्या जाड कातडीला हलकं मलम पुरत नाही. चेहऱ्याला ही आठ दिवसांतही त्रास देऊ शकते." मग आईकडे वळून त्यांनी बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत रेघ दाखवली. दोन्ही तळव्यांना मिळून तेवढी पुरे. दिवसातून एकदा, कामं आटोपल्यावर. वरून प्लास्टिक बांधायचं नाही. पंधरा दिवसांनी दाखवायचं, मग एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, मग बंद. पू दिसला तर आपल्या मनाने काही न करता त्यांच्याकडे यायचं. दिवसभर पाण्यातून हात काढला की साधी पेट्रोलियम जेली चोळायची, आणि भांडी घासताना आत सुती, वर रबरी हातमोजे. "आणि घाबरून अर्धवट सोडायची नाही," त्या म्हणाल्या. "घाबरून न लावणारे पेशंट मला जास्त भेटतात."

आईने मान डोलावली. सगळं तिला माहीतच होतं, पहिल्यापासून.

ती नांदेडला राहायला तयार झाली नाही. पंधरा दिवसांनी मी गावी गेले. ट्यूब कोनाड्यात होती आणि तिचं सील तसंच होतं. हात आणखी फुटले होते. आई दोन बोटांच्या चिमटीत धरून डाळीतले खडे वेचत होती, बाकीची बोटं वर उचललेली.

मी आकांडतांडव केलं. मी खुळी आहे का, रजा काढून तुला दवाखान्यात नेते ती कशाला, वगैरे. आईने सगळं ऐकून घेतलं.

"देवीला शबुद दिलाय," ती म्हणाली. "तुझं तोंड पुन्हा पोळलं मंजी?"

"माझं तोंड औषधाने बरं झालं!"

"तुला काय ठाव?"

मी खडू आणला. शेजारच्या लहान पोरांसाठी घरात ठेवलेला होता. फरशीवर कातडीचे थर काढले, तळव्याचे आणि गालाचे, शेजारी शेजारी. औषध कुठून किती आत जातं, बाण काढून दाखवलं. माझा आवाज वर्गात चढतो तसा चढला होता. आईने चित्र नीट पाहिलं.

"चित्र झ्याक काढतीस," ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

मी उठले. अंगणात गेले, परत आले. चुलीवर चहा ठेवला, काढायचा विसरले. पुन्हा अंगणात गेले. मला काय बोलायचं आहे ते मला माहीत होतं आणि त्याच्याभोवती मी इतकी वर्षं अशीच फिरत होते. शेवटी तिच्यासमोर फतकल मारून बसले. नेमकी त्या चित्रावरच.

"आई, लातूरच्या डॉक्टरने विचारलं होतं, ट्यूब कुणी दिली. मी तुझं नाव सांगितलं. तू दिली नव्हतीस. मी चोरून नेली होती."

"ठाव हाय."

"काय ठाव हाय?"

"संक्रांतीला तू गेलीस आन् कोनाडा रिकामा. मांजर तर ट्यूब न्हेत न्हाई." तिने एक खडा बाजूला टाकला.

"मग तिथं बोलली का नाहीस? तो माणूस तुला इतकं बोलला!"

"इतक्या माणसांत लेकीला चोर म्हणू? आधीच तुझं तोंड केवढं लाल झालतं."

मला रडू आलं. मला ते आवडत नाही, पण आलं. आईने डाळीचं सुपडं माझ्यापासून जरा लांब सरकवलं, भिजू नये म्हणून.

नाक पुसून मी म्हटलं, "चूक माझी होती ना? मग सोडायचं मी. तुझं सोडणं मी माझ्यावर घेते. सांग देवीला."

"तू काय सोडशील?"

"वांगं."

आई विचारात पडली. उठून भिंतीतल्या देवांच्या देवळीपाशी गेली, तिथे पाठमोरी उभी राहिली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. परत येऊन बसली.

"वांगं न्हाई. वांगं तू महिन्यातून एकदा खातीस. देवी काय येडी हाय? च्या सोड."

दिवसाला सहा कप पिणारी बाई मी. चुलीवर तो ठेवलेला चहा आटून करपत होता, त्याचा वास घरभर झाला होता. मी उठून पातेलं मोरीत पालथं केलं. "सोडला," म्हटलं.

आई मोरीकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही तळवे माझ्यापुढे उघडे केले.

मी सील फोडलं, बोटाच्या टोकावर रेघ घेतली आणि तिच्या उजव्या तळव्यावर टेकवली. पेरापेरांतून हळूहळू पसरवत गेले. भेगा माझ्या बोटाला लागत होत्या. आईचा हात मी असा शेवटचा कधी धरला होता ते आठवत नव्हतं.

"चरचरतंय?"

"न्हाई."

"आई."

"हाव," ती म्हणाली. "लई." आणि दुसरा हात पुढे केला.